दोष सुनेचा नाही : नात्यातली लग्नं आणि डोळ्याचं एक जनुक

(नेत्रदान पंधरवड्यानिमित्त सोलापुरात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



समोर बसलेल्या आपा, खाला, चाचा आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगतो की मी डॉक्टर नाही आणि आलिमही नाही. इंजिनिअरिंग शिकलो, पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी करतो. नेत्रदानावर बोलायला मला का बोलावलं, असं तुम्हाला वाटत असेल. आयोजकांना माझ्या घरातली एक गोष्ट माहीत होती, म्हणून. ती गोष्ट आमच्या घरात बरीच वर्षं दबक्या आवाजात बोलली जायची. आज मी ती माइकवर सांगणार आहे. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारून आलोय.

माझ्या खालाची मुलगी आणि माझ्या मामूंचा मुलगा यांचं लग्न झालं. दोघं नात्याने बहीण-भाऊ, एकाच नाना-नानींची नातवंडं. आमच्याकडे यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मुलगी घरातल्या घरात राहिली, जेहेजची कटकट नाही, सासू म्हणजे आपलीच मुमानी, असं सगळे म्हणाले. दीड वर्षाने त्यांना मुलगी झाली. दवाखान्यात पहिल्यांदा तिने डोळे उघडले तेव्हा नर्सने आपाकडे पाहिलं आणि काही न बोलता बाहेर गेली. बाळाची बुबुळं काळी दिसत नव्हती. निळसर राखाडी दिसत होती, थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ धरते तशी.

मग सुरू झाली मतं. कुणी म्हणालं, नजर लगी है. कुणी म्हणालं, पोटुशी असताना हिने ग्रहण पाळलं नाही. कुणी म्हणालं, डोळ्यात फूल पडलंय, आपोआप जाईल. एका डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि सांगितलं, मोठी झाली की स्वच्छ होईल. सहा महिने ते थेंब घातले. बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतं, डोळे सारखे इकडून तिकडे हलत होते. आणि त्या सहा महिन्यांत घरात एक वाक्य रुजलं, 'हिच्या पोटी असं लेकरू आलं.' हिच्या, म्हणजे आपाच्या. दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला. जिला सून म्हणून दोष देत होते ती त्याच घरातली भाची होती, तरीही निघाला.

आज मला मुख्यतः त्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते वाक्य किती खोटं आहे हे कळायला आम्हाला हैदराबादला जावं लागलं.

काचेमागचा पंप

डोळ्याचा काळा भाग आपण बघतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. तो कॉर्निया. मराठी पुस्तकांत त्याला पारपटल म्हणतात. साधारण अर्धा मिलिमीटर जाड, अकरा-बारा मिलिमीटर रुंद. डोळ्यात येणारा प्रकाश वळवून पडद्यावर नेमका पाडायचं दोन तृतीयांश काम हाच करतो, आतलं भिंग नाही. कॉर्निया पारदर्शक राहायचा तर त्यात रक्तवाहिन्या असून चालत नाही, म्हणून त्याच्यात एकही रक्तवाहिनी नाही.

सोलापूरकरांना यापुढचं समजवायला सोपं आहे. कॉर्नियाचं मुख्य अंग म्हणजे कोलॅजनच्या अतिशय बारीक धाग्यांचे थर. यंत्रमागावर ताण्याचे धागे जसे सारख्या अंतरावर असतात, तसे हे धागे सारख्या अंतरावर असतात, म्हणून प्रकाश आरपार जातो. या थरांत पाणी जास्त शिरलं की ते फुगतात, धाग्यांमधलं अंतर बिघडतं, प्रकाश विखुरतो आणि काच दुधाळ होते.

पाणी तर शिरणारच. रक्तवाहिन्या नाहीत, म्हणजे अन्न पोचायला दुसरी वाट हवी. डोळ्याच्या आतलं पाणी कॉर्नियाच्या मागच्या बाजूने हळूहळू झिरपतं आणि अन्न देतं. तेवढंच पाणी परत बाहेर काढायला मागच्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. षटकोनी पेशी, फरशीसारख्या एकीला एक लागून. मोठ्या माणसात एका चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास. नाव थोडी गळकी आहे आणि नावाडी रात्रंदिवस पाणी उपसतोय, असं समजा. या पेशी माणसात मेल्या की नव्या तयार होत नाहीत. जन्माला येताना मिळाल्या तेवढ्याच.

या पेशींच्या आवरणात एक प्रथिन बसलेलं असतं. त्याचं आणि त्याच्या जनुकाचं नाव एसएलसी४ए११. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, रिपोर्टवर दिसलं तर ओळखता यावं म्हणून सांगतो. हे जनुक विसाव्या गुणसूत्रावर आहे. प्रथिन म्हणजे ८९१ अमिनो आम्लांची साखळी. पेशीच्या आतून-बाहेरून काही आयन आणि पाणी यांची ये-जा सांभाळणं हे त्याचं काम. सुरुवातीला शास्त्रज्ञांना वाटलं, हे बोरेट वाहून नेतं. पुढच्या प्रयोगांत तसं दिसलं नाही. या पेशी ऊर्जेसाठी ग्लुटामिन जाळतात, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो ताण झेलायला हे प्रथिन मदत करतं, असं नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. ते बिघडलं की पंप नीट चालत नाही, कॉर्निया पाण्याने फुगतो, जाडी दुप्पट-तिप्पट होते. बाळ जन्मतःच धूसर डोळे घेऊन येतं. या आजाराला डॉक्टर सीएचईडी म्हणतात. ही दोन्ही डोळ्यांची, जन्मजात, आनुवंशिक एंडोथेलियमची विकृती. आमच्या भाचीला हेच होतं.

या जनुकाचा आणि आजाराचा संबंध २००६ मध्ये उघड झाला. 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात सिंगापूरच्या एरंगा विठाना आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. दहा कुटुंबांत या जनुकातले सात वेगवेगळे बदल त्यांना सापडले. मदुराईच्या अरविंद नेत्र संस्थेतले संशोधकही त्या निबंधाच्या लेखकांत आहेत. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या चित्रा कन्नाबिरन आणि सहकाऱ्यांनी भारतीय कुटुंबांवरचं काम प्रसिद्ध केलं. जगात दुर्मीळ असलेला हा आजार दक्षिण भारतातल्या डॉक्टरांना वारंवार दिसतो. त्याचं कारण पाण्यात नाही, हवेत नाही आणि नजरेतही नाही. ते आपल्या सोयरिकींत आहे.

एक अक्षर

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. हजारो ओळींच्या प्रोग्राममध्ये एका ठिकाणी एक अक्षर चुकलं तरी तो बंद पडू शकतो. या प्रथिनाची कृती जनुकात सुमारे २,७०० अक्षरांत लिहिलेली आहे. २००६ च्या निबंधातल्या एका बदलात ७५५ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन येतं. एवढंच. बाकी सगळं शाबूत. अशा बऱ्याच बदलांत प्रथिन बनतं, पण त्याची घडी चुकते आणि पेशी ते आतच अडवून ठेवते. ते आवरणापर्यंत पोचतच नाही. घडी सुधारणारी औषधं प्रयोगशाळेत पेशींवर तपासली गेली आहेत. पण दुकानात जाऊन घ्यावं असं औषध आज नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक प्रत चांगली असेल तर पंप चालतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. त्याला दिसतं, तो गाडी चालवतो, सुईत दोरा ओवतो, त्याला आयुष्यभर काही कळत नाही. मूल आजारी व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. म्हणजे एक बिघडलेली प्रत आईने दिली, एक बापाने दिली. अर्धी-अर्धी. त्यात कमी-जास्त नाही.

हैदराबादला समुपदेशक बाईंनी कागदावर दोन चौकोन आणि दोन गोल काढून हे आपाला आणि तिच्या नवऱ्याला समजावलं. मी सोबत होतो. आपा कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने एकच प्रश्न विचारला, 'म्हणजे माझ्या एकटीकडून नाही?' बाई म्हणाल्या, 'शक्यच नाही.' भाईजान खाली मान घालून बसले होते. त्या दिवसानंतर आमच्या घरात दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला नाही. एका कागदाने ते केलं. म्हणून मी म्हणतो, जनुकशास्त्र हा आपल्या बायकांच्या इज्जतीचा विषय आहे.

नात्यात धोका का वाढतो

वाहक सगळ्या जातींत, सगळ्या धर्मांत असतात. तुम्ही, मी, इथला प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या बिघडलेल्या प्रतीचा वाहक आहे. परक्याशी लग्न झालं तर त्याच्याकडे नेमकी तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता फार थोडी. नात्यात मात्र ती प्रत एकाच आजोबा-आजीकडून दोन वाटांनी खाली येते आणि पणतवंडात परत भेटते.

आमच्या घराचा हिशोब सांगतो. मुलीच्या दोन्ही प्रतींत एकच बदल सापडला. म्हणजे तो बहुधा नाना किंवा नानींकडून आला. त्यांच्याकडून तो खालाकडे आणि मामूंकडे गेला, तिथून आपाकडे आणि भाईजानकडे. आपाच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लक्षात घ्या, प्रत्येक मुलाला. एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात.

माझी अम्मी ही खालाची आणि मामूंची सख्खी बहीण. ती वाहक असण्याची शक्यता दोनात एक. मी वाहक असण्याची चारात एक. आणि त्या वेळी माझ्यासाठी मामूंच्या धाकट्या मुलीचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. ती मामूंची मुलगी, म्हणून तिची शक्यता दोनात एक. चौथा हिस्सा गुणिले अर्धा, गुणिले पुन्हा चौथा हिस्सा. म्हणजे आमच्या मुलाला आजार होण्याची शक्यता बत्तिसात एक.

पहिल्यांदा माझ्या मनात आलं, तिची तपासणी करायला सांगावं. अम्मी भडकली. म्हणाली, 'मुलीचं रक्त तपासलं म्हणून गावभर होईल. तिला डाग लागेल.' मला राग आला, पण रात्री विचार केला तर अम्मीचं अर्धं बरोबर होतं. तपासणी मुलीपासूनच का सुरू करायची? मी स्वतः तपासून घेतलं. घरातला बदल माहीत असला की तेवढी एकच जागा बघायची असते, थोडं रक्त पुरतं. माझा रिपोर्ट निर्दोष आला असता तर विषयच संपला असता. तसं झालं नाही. मी वाहक आहे. बत्तिसात एकचं आठात एक झालं.

मी मामूंना जाऊन सांगितलं. ते खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'बेटा, एका घरात एक लेकरू पुरे.' स्थळ मोडलं. मुमानी दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. वडीलधाऱ्यांनी मला बजावलं, कुणाला सांगू नकोस, तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय. ती बहीण एके दिवशी म्हणाली, 'भाईजान, लपवून लग्न झालं तर मी रोज घाबरत राहीन. सांगून होऊ दे.' तिच्यासाठी नात्याबाहेरचं स्थळ आलं, तेव्हा अब्बूंनी स्वतः सगळं सांगितलं. समोरच्यांनी एकच विचारलं, 'मुलांना होईल का?' खरं उत्तर दिलं. नात्याबाहेर ही शक्यता अगदी थोडी आहे, आणि हवं तर मुलाचीही तपासणी करता येते. निकाह झाला. सांगितल्यामुळे लग्न मोडेल ही भीती आम्ही इतकी वर्षं उगाच बाळगली.

हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही

मला माहीत आहे, असं भाषण छापून आलं की कुणीतरी त्यातलं एक वाक्य उचलून आपल्याला टोमणा मारणार. त्यांच्यासाठी थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशात सुमारे ११ टक्के लग्नं रक्ताच्या नात्यात आढळली. तमिळनाडूत २८, कर्नाटकात २७ टक्के. तिथली बहुसंख्य लोकसंख्या कोण आहे, हे मी सांगायला नको. आपलं सोलापूर तर मराठी, कन्नड आणि तेलुगू मुलखांच्या सीमेवर वसलंय. दक्षिणेतल्या कितीतरी हिंदू घरांत मामा-भाचीचं लग्न रीतीला धरून आहे. जनुकांच्या हिशोबाने ते चुलत-मावस भावंडांच्या लग्नापेक्षा दुप्पट जवळचं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जवळच्या नात्यात मनाई करताना रूढी असेल तर सूट ठेवली आहे. मराठी भाषेलाच विचारा. जुन्या घरांत सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई का म्हणायची? मामाच्या किंवा आत्याच्या घरी सून जायची, म्हणून.

तेव्हा ही रीत आपल्या सगळ्यांची आहे. आणि घाबरवण्यासाठीही मी आलेलो नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथे पाकिस्तानी वंशाची मोठी वस्ती आहे, तिथल्या बाळांचा अभ्यास २०१३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जन्मजात दोषाचा धोका चुलत-मावस भावंडांच्या लग्नात सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जातो, असं त्यात दिसलं. दुप्पट झाला, हे खरं. आणि शंभरातली चौऱ्याण्णव बाळं ठीक असतात, हेही खरं. म्हणून ज्यांची अशी लग्नं झाली आहेत त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पण घरात एकदा असा आजार निघाला की मग सर्वसाधारण टक्केवारीला अर्थ नाही. तिथे चारात एक, आठात एक, असा थेट हिशोब लागतो.

धर्माचं काय? कुराणात सूरह निसाच्या तेविसाव्या आयतीत कोणाशी लग्न हराम आहे त्याची यादी आहे. मामा-भाची, चाचा-पुतणी त्यात येतात. चुलत, मामे, मावस भावंडं येत नाहीत. म्हणजे असं लग्न जायज आहे. पण जायज म्हणजे फर्ज नव्हे. बाजारात हलाल असलेली प्रत्येक गोष्ट आपण रोज खात नाही. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहाआधी सिकल सेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. निर्णय जोडप्याने घ्यायचा, पण माहिती असताना घ्यायचा. इराणमध्ये थॅलेसेमियासाठी अशीच तपासणी १९९० च्या दशकापासून चालते. तिथल्या आलिमांना ते धर्माविरुद्ध वाटलं नाही, तर सोलापुरात का वाटावं?

मुलीचं पुढे काय झालं

दोन वर्षांची असताना तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही महिन्यांनी डाव्याचं. पूर्वी अशा मुलांचा पूर्ण कॉर्निया बदलायचे. आता बऱ्याचदा फक्त मागचा बिघडलेला थर काढून दात्याचा थर आत बसवतात, हवेच्या बुडबुड्याने तो चिकटवतात. टाके कमी, डोळा मजबूत राहतो. त्यानंतर थेंब चुकवायचे नाहीत, डोळा लाल झाला की धावत जायचं, कारण शरीर परका थर नाकारू शकतं. हे आयुष्यभराचं काम आहे.

आज ती नऊ वर्षांची आहे. चष्मा आहे, डोळे अजून थोडे हलतात, वर्गात दुसऱ्या बाकावर बसते. फळ्यावरचं वाचते. अगदी स्वच्छ दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर आणखी बरं झालं असतं. लहानपणी डोळ्याकडून मेंदूला चित्रच पोचलं नाही, तर मेंदू बघायला शिकत नाही. नंतर काच स्वच्छ केली तरी ते शिकणं पूर्ण भरून येत नाही. ते थेंबांत गेलेले सहा महिने आम्हाला परत मिळणार नाहीत.

म्हणून इथे बसलेल्या आयांना सांगतो. बाळाचं बुबुळ धूसर, निळसर, पांढरट किंवा फार मोठं दिसलं, बाळ प्रकाशाला डोळे घट्ट मिटत असेल, तर आठवडाही थांबू नका. कारण हाच एक आजार असतो असं नाही. जन्मजात काचबिंदूतही बुबुळ धूसर होतं, आणि त्यात डोळ्याचा दाब वाढून नस कायमची खराब होते. दोन्ही वरून सारखे दिसू शकतात. फरक फक्त नेत्रतज्ज्ञ तपासून सांगू शकतो. सिव्हिलच्या नेत्र विभागात जा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टर मंडळी येतात, त्यांना दाखवा. निदान सीएचईडी झालं तर ऐकण्याची तपासणीही करून घ्या, कारण काही मुलांत याच जनुकामुळे पुढे कानाला कमी ऐकू येतं. जनुक तपासणीचा रिपोर्ट रेशन कार्डासारखा जपून ठेवा. तो फक्त त्या मुलाचा नसतो, सगळ्या खानदानाचा असतो. आणि आमच्यासारख्या वाहकांनी पन्नाशीनंतर डोळे दाखवत राहावं. काहींच्या कॉर्नियात उतारवयात बदल आढळले आहेत.

सहा तास

शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा पंधरवडा आहे. आमच्या मुलीच्या डोळ्यांत आज जे दोन थर आहेत ते कुणाचे, हे आम्हाला माहीत नाही. दात्याचं नाव, जात, धर्म सांगत नाहीत. कुणीतरी गेलं, त्याच्या घरच्यांनी रडत रडत फोन केला, म्हणून आमची मुलगी वाचते.

आणि आम्ही काय केलं? तीन वर्षांपूर्वी नाना गेले. ऐंशी पार केलेले, शेवटपर्यंत बिनचष्म्याने दूरचं बघणारे. माझ्या मनात होतं, नेत्रदान करावं. बोललो. घरात वाद सुरू झाला. जायज आहे का, मय्यतीची बेहुरमती होते का, कुणाला विचारायचं? एकजण हो म्हणाला, एकजण नको म्हणाला. बोलता बोलता दुपार झाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत कॉर्निया काढावा लागतो. ते सहा तास आम्ही वादात घालवले. ज्या घराने दोन डोळे घेतले, त्या घराने एकही दिला नाही. ही शरम मी अजून वागवतो.

आलिमांमध्ये यावर मतभेद आहेत, हे मी नाकारत नाही. पण इस्लामी देशांच्या संघटनेच्या जेद्दाहमधल्या फिकह अकादमीने १९८८ मध्येच मृताच्या किंवा वारसांच्या संमतीने अवयव देणं मान्य केलं आहे. श्रीलंकेतल्या बौद्ध कुटुंबांनी दिलेले हजारो कॉर्निया पाकिस्तानात गेले आणि तिथल्या मुसलमानांच्या डोळ्यांत बसले. घ्यायला जायज असेल तर द्यायला का नसावं, याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. नेत्रदानात चेहरा विद्रूप होत नाही, दफनाला उशीर होत नाही, अर्ध्या तासाचं काम असतं. चष्मा असलेला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूसही देऊ शकतो. फक्त चर्चा आज करा, जिवंतपणी, जेवायला बसलात की. मय्यतीच्या दिवशी ती करता येत नाही, हे आम्ही शिकलो आहोत.

तीनच गोष्टी घरी घेऊन जा. नात्यात स्थळ बघत असाल तर एका कागदावर तीन पिढ्या लिहून काढा, कुणाला जन्मतः काय होतं ते विचारा, आणि तपासणी लागलीच तर मुलापासून सुरू करा. मूल आजारी जन्माला आलं तर आईकडे बोट दाखवू नका. दाखवायचंच असेल तर दोन बोटं दाखवा, एक तिच्याकडे, एक बापाकडे. आणि नेत्रदानाचा फॉर्म भरा.

इथे येण्याआधी मी आपाला फोन केला होता. विचारलं, 'तुझं सांगू का?' ती म्हणाली, 'सांग. माझ्यासारखी कुणी बसली असेल तिथे, तिला कळू दे.' ती कुणी इथे बसली असेल, तर हे सगळं तुमच्यासाठी होतं.